राखून ठेवलेली हाक

आमच्या खेळात एक तलवारबाज असतो, एक ढालकरी, एक तिरंदाज आणि एक वैदू. ह्या चौघांच्या मागं, हातात शस्त्र म्हणून टाचणीसुद्धा नसलेली, नुसती बोंबलणारी एक बाई असते. ती मी. सारिका आवटी, मुक्काम मिरज, वय वर्षं त्रेपन्न. खेळात माझं नाव बिजली. तिथं मी पंचविशीची आहे, झालरीचा घागरा घालते आणि दोन्ही हातांत सोनेरी झिरमिळ्यांचे झुपके धरते. ते झुपके पहिल्यांदा बघितले तेव्हा मी खेळाच्या कंपनीतल्या बाईंना फोन करून विचारलं होतं, "अहो, लढाईला निघालोय का झाडलोट करायला?"

हसा, हसा. सगळे हसायचेच. सप्तगड नावाचा हा खेळ निघाला तेव्हा ललकारी हे पात्र त्यांनी गमतीखातर घातलं होतं. क्रिकेटच्या मैदानाकडेला पोरी नाचतात ना, तशी एक पोरगी गडाच्या पायथ्याशी नाचणार आणि तिच्या नाचानं लढणाऱ्यांचं बळ चिमूटभर वाढणार. ज्याला काहीच जमत नाही त्यानं ललकारी व्हावं, असा रिवाज. मग नादपट्टी आली आणि हसणाऱ्यांची तोंडं गप्प झाली.

नादपट्टी कशी चालते ते मला नाझनीननं कागदावर चित्र काढून समजावलं. नाझनीन मुल्ला म्हणजे आमच्या ह्यांची फिजिओ. ती म्हणाली, "मावशी, माणूस दमतो तेव्हा त्याच्या अंगातली ताकद संपलेली नसते. मेंदू घाबरट असतो, तो थोडी मागं ठेवतो." टाकीतलं तळाचं पाणी नळाला येत नाही, तसं. पण जवळच्या माणसानं जीव तोडून हाक मारली की मेंदूची भीती जरा सैल होते आणि तळाचं पाणीही वर येतं. मेंदूपासून गळ्यात, काळजात, पोटात उतरणारी एक लांब नस आहे. तिचाच एक फाटा कानात येतो. आपल्याला खरोखर दुसऱ्याचं भलं व्हावंसं वाटतं तेव्हा ती नस आवाजात एक बारीक थरथर घालते. कानाला ती पुरती कळत नाही, यंत्राला कळते. गळ्यातली पट्टी ती थरथर टिपते आणि समोरच्याच्या कानामागच्या चिमट्यातून तशीच्या तशी त्याच्या नसेत सोडते. सप्तगडचे खेळाडू अंगात ताण देणारा पोशाख घालून खरोखर धावतात, खरोखर घाव घालतात, खरोखर दमतात. तिथं अशी हाक म्हणजे दुसरा श्वासच.

पण दोन अटी. हाक मारणाऱ्याला ती मनातून वाटली पाहिजे. आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूला पटलं पाहिजे की ही हाक मलाच आहे. पट्टीवर दहा दिवे असतात. खोटं ओरडलात तर एकही लागत नाही, मग तुम्ही घसा फाडा नाहीतर झांजा वाजवा.

तिसरी गोष्ट शास्त्रज्ञांनी नाही, खेळाडूंनी शोधली. दिवसातली पहिली खरी हाक सगळ्यांत जोरकस असते. नंतरची प्रत्येक थोडी थोडी उतरत जाते, आणि झोप झाली की पुन्हा भरते. का, ते कुणाला धड सांगता येत नाही. पण त्यावरून आमच्यात राखण निघाली. लढाईच्या दिवशी सकाळपासून ललकारीनं कुणालाही उभारी द्यायची नाही. शाब्बास म्हणायचं नाही, वा म्हणायचं नाही, कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा नाही. बोला, पण कोरडं बोला. शेजारच्या हेमावहिनी राखणीच्या दिवशी धपाटे घेऊन आल्या तर मी खाऊन म्हणायची, "मीठ आहे." बिचाऱ्या वर्षभर समजत होत्या की मला त्यांचे धपाटे आवडत नाहीत.

माझ्या गळ्याला पहिल्यांदा पट्टी बांधायला लावली ती ह्यांनीच.

हे म्हणजे बजरंग आवटी. एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक, आणि त्याआधी पंचक्रोशीतला सगळ्यांत चिवट चढाईपटू. मी सतरा-अठरा वर्षांची असताना आमच्या गावच्या मैदानात ह्यांचा सामना होता. मी दोरीला पोट टेकवून उभी. हा एकटा पलीकडं, समोर सात जण, दम संपत आलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "बजरंऽऽग! शिवून ये!" अख्खं मैदान वळून बघायला लागलं. आईनं तिथंच माझ्या पाठीत धपका घातला. पण हा शिवून आला, दोघांना बाद करून. नंतर मागणी घालायला आला तेव्हा माझ्या वडलांना म्हणाला, "तुमच्या मुलीचा आवाज ऐकला आणि पाय आपोआप उचलले."

लग्नानंतर मी ते नाव घेतलं नाही. आमच्यात बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, उखाण्यात घेईल तेवढंच. कसल्या जुन्या काळातल्या म्हणाल, पण मला जमलंच नाही. "अहो" म्हणायचे. मैदानातसुद्धा "अहो, बघताय काय, शिवा!" असं ओरडायचे आणि लोक हसायचे. हे कधीतरी म्हणायचे, "एकदा मार की गं तशी हाक." मी म्हणायचे, "जीभ झडेल माझी." दिवस असे मजेत गेले. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख होतं, पण ह्यांनी संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवायला घेतली आणि मी बालवाडीत शिकवत होते, त्यामुळं घर कधी मुकं नव्हतं.

मग एका स्पर्धेला सप्तगडची माणसं आली. प्रेक्षकांच्या गळ्याला पट्ट्या बांधून आवाज तपासत होती. हे मला पुढं ढकलत म्हणाले, "हिला बांधा, हिला! सगळ्यांना झोपवेल." बांधली. मैदानात ह्यांच्या मुली खेळत होत्या. मी एकच हाक दिली आणि दहाच्या दहा दिवे लागले. कंपनीची बाई यंत्राकडं बघतच राहिली. सहा महिन्यांत बालवाडी बंद पडली होती आणि मी बिजली झाले होते.

होळीच्या आधी आठ दिवस ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, ते महिन्याभरात सुधारलं. बोलणं जड झालं, तेही थोडं थोडं परत आलं. पाय मात्र लाकडाचा. एवढा चढाईपटू गडी, खाटेवरून मोरीपर्यंत जायला दोन माणसं लागायची.

नाझनीन पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलली. "मावशी, मेंदू नव्या वाटा काढतो. पण पहिले सहा महिनेच तो भराभर काढतो. नंतर दार बंद होत जातं. ह्या सहा महिन्यांत काका चालले तर चालले." आणि तिनं पिशवीतून काय काढलं, तर नादपट्टी आणि कानाचा चिमटा! म्हणाली, "आता सगळीकडं हेच वापरतात. औषधापेक्षा घरच्या माणसाची हाक जास्त लागू पडते."

मला हसूच आलं. म्हटलं, देवानं आपल्याला नेमकी हीच विद्या दिली, आता काय अवघड आहे! मी पट्टी बांधली, ह्यांना लोखंडी दांड्यांच्या मधे उभं केलं आणि म्हणाले, "अहो, उठा की! असले सात तुम्ही लोळवलेत!" आठ दिवे लागले. ह्यांचा गुडघा थरथरला, ताठ झाला आणि हे स्वतःच्या पायावर चार श्वास उभे राहिले. मी रडले, नाझनीनच्याही डोळ्यांत पाणी आलं.

जाताना ती म्हणाली, "नावानं हाक मारून बघा मावशी. नावाला मेंदू आधी जागा होतो."

मी पदराचा बोळा तोंडात घातला. हे खाटेवरून जड जिभेनं म्हणाले, "तीस वर्षं... सांगतोय. नाही मारत."

"चालायला लागा, मग मारते," मी म्हणाले. "दारापर्यंत या, त्या दिवशी मारीन. बक्षीस!"

"ठरलं," हे म्हणाले.

ठरलं खरं. पण त्याच वर्षी आमचा संघ वर चढायला लागला.

संघाची नायिका इरावती, नागपूरची, पंचवीस वर्षांची, तलवारबाज. मी तिला प्रत्यक्षात कधी भेटले नाही, पण तिचा श्वास मला ओळखीचा आहे. कुठल्या घावानंतर तो तुटणार ते मला आधी कळायचं. "काकू, तुम्ही मागं असलात की मला मरायची भीती वाटत नाही," असं ती म्हणायची. घर माझ्या कमाईवर चाललं होतं, ते खरंच. पण फक्त घरासाठी खेळत होते असं म्हणाले तर माझीच जीभ मला चावेल. त्रेपन्नाव्या वर्षी लाखो लोक तुमचा आवाज ऐकायला थांबतात, एक पोर तुमच्या हाकेवर गड चढून जाते, हे सुख मला सोडवत नव्हतं. आणि इकडं काय होतं? एक खाट, एक बेडपॅन, आणि चार श्वासांवरून पाच श्वासांवर जायला लागणारे पंधरा दिवस.

आधी लढाई फक्त रविवारी असायची. जूनपासून आठवड्यात चार झाल्या. चार दिवस राखण. उरलेले तीन दिवस नाझनीन यायची, पण आदल्या दिवशी मी तिकडं सगळं सांडून आलेली असायचे. झोपेनं साठा भरतो म्हणतात, पण चार-चार लढायांनंतर तो बुडाशीच असायचा. मी ह्यांच्यासमोर उभी राहून ओरडायचे आणि गळ्याशी तीन दिवे लागायचे. कधी दोन. ह्यांना आरशात दिसायचे ते. नाझनीननं चालण्याच्या सरावासाठी समोर मोठा आरसा लावला होता ना, त्यात माझा गळा दिसायचा.

एकदा दोनच दिवे लागले तेव्हा हे म्हणाले, "दमलीस. बस जरा." मला! पायानं लुळा माणूस मला बस म्हणतो! मी चिडून म्हणाले, "मी ओरडतेय ना? तुम्ही पाय उचला की!" बोलून गेले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसले.

नाझनीन माझ्यामागं आत आली. "मावशी, साठा एकच आहे," ती हळूच म्हणाली. "तिथं दिला की इथं उरत नाही. पाचवा महिना लागलाय."

"अंतिम लढाई झाली की मी मोकळी. नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार. मग बघ, रोज दहा दिवे."

"तोपर्यंत दार..."

"तीन आठवड्यांनी काय होतंय गं?" मी तिच्यावर खेकसले. तिनं कागद आवरले आणि गेली. ती बरोबर होती हे मला तेव्हाही कळत होतं. मी तीन आठवडे उसने घेत होते, आणि ते माझे नव्हतेच.

त्यानंतर एक वेगळंच झालं. ह्यांनी तक्रार करायची सोडली. मी लढाईच्या खोलीत गेले की हे म्हणायचे, "दार लाव. पोरं वाट बघत असतील." मला वाटलं, समजून घेतायत. बरं वाटलं मला. मी आत खेळाचा आवाज देणारे गोळे कानात घालून बसायचे, त्यामुळं बाहेर काय चाललंय ते कधी ऐकलं नाही. नंतर हेमावहिनींनी सांगितलं की ते लढाईचे दोन तास हे भिंतीला धरून एकटे उभे राहायचे. ह्यांनी वहिनींना शपथ घातली होती, सारिकाला सांगायचं नाही म्हणून.

अंतिम लढाईचा रविवार उजाडला. लढाई दुपारी चारला. इरावतीचा सकाळी सातलाच निरोप आला, "काकू, कडक राखण. आज एक थेंबही वाया नको." मी उठले ते तोंड शिवूनच. ह्यांचं तोंड धुतलं, चहा दिला, दाढी केली. एरवी दाढी झाली की मी गालावर टिचकी मारून "नवरदेव!" म्हणायचे. आज मी ते म्हटलं नाही. हेमावहिनी देवळातला अंगारा घेऊन आल्या, त्यांनाही "ठेवा तिथं" एवढंच.

अकराच्या सुमाराला मी दाराशी उभी राहून तांदूळ निवडत होते. मागनं काहीतरी बारीक गुणगुण आली. जडशीळ, अडखळत.

"कब...ड्डी... कबड्डी... कबड्डी..."

मी वळले. हे खाट सोडून उभे होते. दांड्या नाहीत, भिंत नाही, कुणी नाही. जुना संघाचा बनियन घातला होता, कधी घातला देव जाणे. डोळे माझ्यावर रोखलेले, चढाईला जायचे तसे. डावा पाय पुढं. मग उजवा, फरफटत, पण पुढं. पुन्हा डावा. घाम निथळत होता. खाट ते दार, नऊ फूट. सात फुटांपर्यंत आले आणि हात पुढं काढला, मला शिवायला.

माझ्या पोटातून हाक उठली. बायांनो, खरं सांगते, अशी हाक माझ्या आयुष्यात उठली नव्हती. तीस वर्षांची ती हाक गळ्यापर्यंत आली, जिभेवर नाव आलं, बक्षीस ठरलेलं होतं, मी तोंड उघडलं.

आणि हातानं दाबून धरलं.

मी मनात हिशेब केला. आत्ता अकरा. चारला लढाई. पोरं वर्षभर घाम गाळतायत. हे तर आता चालायलाच लागले, उद्या मारीन हाक, उद्या दहादा मारीन. हा सगळा विचार एका श्वासात केला मी. आणि डोळ्यांत बघितलं तर सुटेल तोंडातून, म्हणून मान फिरवली.

मागं दम सुटला. "कबड्डी" अर्ध्यावर तुटलं. ह्यांनी चौकट धरली, हळूहळू खाली बसले, दारातच. मी ताट ठेवून त्यांना उठवायला गेले, मुकी. काखेत हात घालून खाटेवर नेलं.

"राखण आहे ना आज," हे म्हणाले. "विसरलोच मी."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी समजुतीनं म्हणाले.

चारला मी आत गेले, दार लावलं, खेळाचा चष्मा चढवला, पट्टी बांधली. समोर सातवा गड. त्या लढाईची अट अशी की आपल्यातल्या एकानं गडाच्या दारावरची नगाऱ्याची कातडी हातानं शिवायची आणि जिवंत परत यायचं. दीड तास झुंज चालली. ढालकरी पडला, तिरंदाज पडला, वैदू पडला. मी मधेमधे हाका देत होते, सात दिवे, आठ दिवे, पण सकाळी दाबलेली ती मोठी अजून पोटातच होती. शेवटी इरावती एकटी उरली, दारापासून वीस पावलांवर, गुडघ्यावर बसलेली. तिचा श्वास ऐकला आणि मला कळलं, ही आता उठत नाही. समोर सात जण भाले रोखून उभे.

सात. मोजले मी. आणि माझा ताबा सुटला.

"बजरंऽऽग! शिवून ये!"

दहा दिवे लागले. कंपनीच्या लोकांनी नंतर सांगितलं की यंत्राचा काटा मोजपट्टीच्या बाहेर गेला होता. इरावती उठली. नाव दुसऱ्याचं होतं, पण नंतर ती मला म्हणाली, "काकू, वर्षभर तुमची प्रत्येक हाक माझीच होती, हीसुद्धा मी माझीच धरली." ती सातांच्या मधून गेली, कातडी शिवली आणि परत आली. मी खोलीत नाचत होते, रडत होते, पुन्हा पुन्हा तेच ओरडत होते, "बजरंग! शिवून आला! शाब्बास माझ्या बजरंग!" लाखो लोक ऐकत होते. आम्ही जिंकलो.

चष्मा काढला, कानातले गोळे काढले आणि दाराकडं वळले.

दाराबाहेर उंबऱ्याला टेकून हे जमिनीवर बसले होते. खाट पलीकडच्या खोलीत. मधे स्वयंपाकघर. म्हणजे वीस-पंचवीस पावलं. पाय थरथरत होता, बनियन घामानं चिंब. दार किलकिलं होतं, मी लावलं होतं ते. ह्यांनी उघडलं होतं, आत बघितलं होतं. आत मी पाठमोरी, भिंतीकडं तोंड करून उड्या मारत, ह्यांच्या नावानं दुसऱ्याच कुणाला तरी शाब्बासकी देत.

"हाक आली," हे म्हणाले. "म्हणून आलो."

मी त्यांच्याजवळ बसले, त्यांचा हात धरला, तोंडाला येईल ते बोलले. तुम्हालाच होती, तुमचीच होती, सकाळचीच होती ती, तुमच्यासाठीच उठली होती. सगळं खरं होतं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "जिंकलात?"

"हो."

"बरं झालं."

त्या दिवसानंतर हे उठले नाहीत. हट्ट नव्हता तो. नाझनीन म्हणते, हट्ट असता तर तिला समजला असता. मी दुसऱ्याच दिवशी संघ सोडला. इरावती फोनवर खूप रडली, मीही. पट्टी मात्र ठेवून घेतली. रोज सकाळी उठल्याबरोबर, चहासुद्धा घेण्याआधी, दिवसाची पहिली हाक ह्यांना. नावानं. आता लाज नाही, शरम नाही, अख्खी गल्ली ऐकते. दहाच्या दहा दिवे लागतात. ह्यांच्या कानामागं चिमटा लावलेला असतो. नाझनीन पडद्यावर बघते आणि मान हलवते. माझ्याकडून जातं ते सगळं दिसतं, ह्यांच्याकडं काही पोचलेलं दिसत नाही. मेंदूला ती हाक आपली वाटतच नाही, ती म्हणाली. काय करायचं, मी विचारलं. ती म्हणाली, "मावशी, ह्यावर कुणाकडंच उपाय नाही अजून." सहा महिने होऊन गेले. ते दार लागलं.

आणि ती हाक गाजली! कुठल्याही मैदानात जा. सप्तगडच्या प्रत्येक संघाची ललकारी आता तेच ओरडते. गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या मैदानात शाळेच्या मुलींचे सामने होते, ह्यांनीच शिकवलेल्या मुली. एकीची चढाई सुरू झाली आणि सगळं मैदान ओरडलं, "बजरंऽऽग! शिवून ये!" हे खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. मला वाटलं, आता मान वळवतील, हसतील, काहीतरी होईल. ह्यांनी चिमट्यानं कानाची पाळी दुखतेय म्हणून तो काढून माझ्या हातात दिला.

आज सकाळीही मी उठले, तोंडावर पाणी मारलं, पट्टी बांधली. ह्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले. आणि पोटातून, सगळा जीव लावून हाक मारली, "बजरंग!"

दहा दिवे लागले. आरशात मी बघितले, ह्यांनीही बघितले.

आणि ह्यांनी सावकाश मान वळवून मागं बघितलं, लढाईच्या खोलीच्या दाराकडं, तिथं कोण उभं आहे ते बघायला.